पाच दिवस काहीही लावू नये

माझ्या पत्नीच्या कपाळावर आणि गालांवर दोन वर्षे जे तपकिरी डाग होते, ते माझ्या एका वाक्यामुळे पडले. ती समजत होती, देवीने दिले. मी तिला तसे समजू दिले. हे मी कुणालाही सांगितले नव्हते; लेकीला नाही, थोरल्या भावाला नाही, आणि जिच्या चेहऱ्यावर ते डाग होते तिला तर नाहीच.

कळंबच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षे मराठी शिकवतो आहे. वाक्य मोजके असावे, ऐकणाऱ्याच्या मनात शंका उरू नये, असे मुलांना सांगण्यात माझे निम्मे आयुष्य गेले. ते वाक्यही मी तसेच केले होते. मोजके होते, आणि शंकेला त्यात जागा नव्हती.

पत्नीच्या दोन्ही गालांवर मुरमांचे खड्डे आहेत. ऐन तारुण्यात आलेली मुरमे तिने फोडली, घरच्यांनी कुणी सांगेल तो लेप त्यावर थापला, आणि खळगे कायमचे राहिले. आमच्या लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने तिचे गाल इतके गुळगुळीत करून दिले होते की फोटो हातात घेऊन ती म्हणाली, "ही कोण बाई बसवली तुमच्याशेजारी?" मी हसलो. पुढे त्याच फोटोची मोठी प्रत करून मी ती बैठकीच्या भिंतीवर लावली. रोज त्या दुसऱ्या बाईखालून ये-जा करताना तिला काय वाटत असेल, हे कधी मनातही आले नाही.

सुयांची ती गोष्ट लेकीने काढली. लेक पुण्याला नोकरी करते. बारीक सुयांनी त्वचेला असंख्य टोचे देतात, ती जखम भरून येताना खालची त्वचाही नव्याने भरते आणि खड्डे उथळ होतात, असे तिने फोनवर आईला समजावले. धाराशिवला त्वचेचा एक चांगला दवाखाना आहे, तेही तिनेच शोधून काढले.

"आता या वयात कुणाला दाखवायचंय गं मला?" पत्नी म्हणाली.

"स्वतःला दाखव की."

पत्नी त्यावर खूप हसली. पण त्या आठवड्यात तिने लेकीला निरनिराळ्या निमित्तांनी फोन केले, आणि प्रत्येक वेळी फोन ठेवण्याआधी हळूच विचारले, "लई दुखतं का गं ते?" तेव्हा माझ्या लक्षात आले की ती मनाने केव्हाच तयार झाली आहे.

मी एकच अट घातली. कुणाला कळता कामा नये.

या अटीमागे काय होते, ते आज लिहिले पाहिजे. तोंडाला पावडर फासून शाळेत आलेल्या मुलींना मी हौदावर पाठवून तोंड धुवायला लावीत असे. त्या ओल्या चेहऱ्याने परत येत, मुले हसत, मुली मान खाली घालून बसत. मी त्याला शिस्त म्हणत असे. अशा मास्तरची बायको पन्नाशीच्या उंबरठ्यावर तोंडाला सुया टोचून घेते हे गावात कळले असते तर लोक काय म्हणाले असते, ते मला पाठ होते; कारण दुसऱ्याच्या बायकोबद्दल ते मीच बोललो असतो.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई कमी बोलणाऱ्या होत्या. बोलण्याचे काम त्यांच्याकडच्या सिस्टर करीत. चाळिशीच्या, सावळ्या, घड्याळ कोपराकडे सरकवून ठेवणाऱ्या. त्यांनी पत्नीच्या चेहऱ्यावर बधिर करणारे मलम लावले, वरून पातळ प्लास्टिक चिकटवले आणि पाऊण तास तिच्याशी गप्पा मारल्या. मशीन सुरू झाले तेव्हा मी पडद्याबाहेर होतो. न्हाव्याच्या मशीनसारखा आवाज येत होता, आणि मधून मधून सिस्टरांचा, "झालंच ताई, कपाळ राहिलं फक्त."

निघताना त्यांनी एक छापील कागद माझ्या हातात दिला. पत्नीचे तोंड जड झाले होते, डोळे पाणावले होते. कागदपत्रे सांभाळणे तर आमच्या घरी पहिल्यापासून माझेच काम. कागदावर लिहिले होते: तोंड साध्या गार पाण्याने धुवावे, चोळू नये. दिलेले मलम लावावे. सोलपटे निघतील, ती ओढू नयेत. उन्हात जाऊ नये. आणि जाड अक्षरांत: पाच दिवस काहीही लावू नये.

सिस्टरांनी ती ओळ बोटाने दाखवली. "पाच दिवसांनीसुद्धा एकदम नाही हं ताई. लाली पूर्ण उतरली, खरबरीतपणा गेला, की मग हलकं. स्पंज नवा घ्यायचा. जुना टाकून द्यायचा."

परतीच्या एस.टी.त पत्नी पदर डोक्यावरून पुढे ओढून बसली होती. येरमाळ्याच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा तिने खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिले आणि हसू दाबत म्हणाली, "टमाट्यागत झालंय सगळं. पण आतून कसं ताजं ताजं वाटतंय बघा." इतक्या वर्षांच्या संसारात ती स्वतःच्या चेहऱ्याबद्दल माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. मी "हळू बोल," म्हणालो. पुढच्या बाकावर आमच्या ओळखीचे गृहस्थ होते.

पुतण्याचे लग्न नुकतेच झाले होते. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या गावी थोरल्या भावाच्या घरी गोंधळ घालायचा होता, तो पुढल्या आठवड्यात. तेवढ्यात चेहरा सावरेल असा आमचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. गोंधळी पुढे दुसरीकडे अडकणार होते, म्हणून उद्याच उरकायचे ठरले होते.

तो तिसरा दिवस येत होता. लाली थोडी उतरली होती, पण त्वचा ताणलेली होती, हाताला कानस लागावी तशी खरबरीत. नाकाच्या कडेने आणि हनुवटीवर सोलपटे सुटू लागली होती.

"मी न्हाय येत," पत्नी म्हणाली. "ताप आलाय म्हणून सांगा."

"ताप म्हटलं की वहिनी गाडी करून बघायला येतील."

"मग खरं ते सांगा."

"काय सांगू? तोंडाला सुया टोचून घेतल्यात म्हणून?"

 मी ते रागाने बोललो नव्हतो. अगदी शांतपणे बोललो होतो, आणि तेच आता अधिक टोचते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "दवाखान्यात फोन तरी लावून बघा. पाच दिवस म्हणल्यात, पण उद्या जरासं लावलं तर चालंल का, विचारा. आणि मळवटाचंही विचारा."

देवीच्या कार्यात घरच्या सवाष्णींचे कपाळ कुंकवाने पूर्ण भरतात, त्याला मळवट म्हणतात. आमच्या भागात त्याला नाही म्हणणारी बाई मी पाहिलेली नाही.

अंगणात लिंबाखाली उभा राहून मी फोन लावला. सिस्टरांनी उचलला.

"सर, मॅडम पेशंट बघतायत. पण यात मॅडमना विचारण्यासारखं काही नाही. पाच दिवस काही म्हणजे काहीच नको. पावडर नको, आणि कुंकू तर बिलकुल नको, टोचल्याच्या जागा अजून बुजलेल्या नसतात. ताईंना जायचंच असलं तर तसंच जाऊ द्या. कुणी विचारलं तर ऊन लागलं म्हणा."

एक साधी, कुणाचे काही न बिघडवणारी सबबही त्यांनी मला देऊ केली होती. मी आत आलो. पत्नी दारातच उभी होती.

"काय म्हणल्या?"

"सिस्टर होत्या फोनवर. हलकं लावलं तर चालतं म्हणाल्या."

"आणि कुंकू?"

"कुंकवाला काय होतंय?"

तिचा चेहरा उजळला. "बरं झालं बाई विचारलं ते," ती म्हणाली.

मी हे का केले, याचे उत्तर मी स्वतःला पुष्कळ वेळा निरनिराळे दिले आहे. घरातल्या कार्यात विघ्न नको म्हणून. वहिनींची जीभ तिखट म्हणून. तिलाच अवघडल्यासारखे होईल म्हणून. ही सगळी उत्तरे मी तिच्या काळजीची वस्त्रे चढवून उभी केली. आत एकच होते. लाल, सोलवटलेल्या तोंडाची बायको घेऊन मला भावकीत जायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खिडकीपाशी बसली. लेकीचा जुना मेकअपचा डबा कपाटात पडून होता. फाउंडेशनच्या बाटलीचे तोंड वाळलेले होते, स्पंज कडेने कडक झाला होता. नवा स्पंज घ्यायचा, हे सिस्टरांनी दवाखान्यात आम्हा दोघांसमोर सांगितले होते. ती बहुधा विसरली होती. मी विसरलो नव्हतो. तिने स्पंज पाण्यात भिजवून पिळला. उजेड नीट यावा म्हणून मी भिंतीवरचा आरसा काढून तिच्यासमोर धरला. पहिला थर लागताच तिने डोळे मिटले.

"चरचरतंय हो."

"नवी कातडी आहे. चरचरणारच," मी म्हणालो.

आरसा माझ्या हातात होता. तो खाली ठेवला असता तरी पुरले असते.

भावाच्या घरी पोचलो तेव्हा तिन्हीसांज होत आली होती. वहिनींनी पत्नीकडे निरखून पाहिले. "आगं बया, तोंडाला काय पीठ मळून आलीस का गं?"

"लेकीनं दिलंय अक्का, लावून बघितलं."

"आमच्या भाऊजींना चालतं व्हय? ते तर पोरींची तोंडं धुत्यात म्हणं शाळंत!"

बायका हसल्या. भाऊही हसला. मीही हसलो, आणि मला हायसे वाटले. पावडरीवरची थट्टा मला झेपणारी होती.

चौक मांडला गेला, संबळ सुरू झाला. पूजेच्या वेळी सवाष्णी रांगेने बसल्या. वहिनींच्या हातात बाजारातून आणलेल्या लालभडक कुंकवाचे ताट होते. त्या मळवट भरताना अंगठा जोर देऊन कानशिलापर्यंत ओढीत. पत्नीच्या कपाळावर अंगठा टेकला तेव्हा ती किंचित मागे सरली. वहिनींनी तिची मान धरून सरळ केली.

थोड्या वेळाने पत्नीचे अंग थरथरू लागले. डोळे घट्ट मिटलेले, ओठ दाताखाली, गालांवरच्या त्या पिठूळ थरातून पाण्याच्या रेघा उतरत होत्या. तिची आग होत होती. कार्य चालू असताना उठणे तिला शक्य नव्हते, आणि तोंडाला हात लावावा तर मळवट पुसला जाईल. ती दोन्ही मुठी मांडीवर आवळून बसली.

कुणीतरी म्हणाले, "वारं आलं! धाकट्या काकूच्या अंगात आलं!"

संबळ जोरात वाजू लागला. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. नव्या सुनेला पुढे ढकलले गेले, आणि तिने वाकून माझ्या पत्नीच्या पायांवर डोके ठेवले. थोरल्या भावानेही हात जोडले. एका वृद्ध बाईने विचारले, "आई, काय पाहिजे तुला? बोल माय." पत्नीने मान हलवली आणि एवढेच म्हणाली, "पाणी... पाणी द्या."

त्यांनी पाणी आणले आणि तिच्या पायांवर ओतले.

मी दहा पावलांवर, पुरुषांच्या बाजूला उभा होतो. तिथे ती आग आहे हे जाणणारा मीच एकटा होतो. सर्वांनी हात जोडले होते, म्हणून मीही जोडले.

त्या जोडलेल्या हातांनी माझा पिच्छा कधी सोडला नाही. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता कुठूनही संबळ ऐकू आला की खडू थांबतो. शहरात लग्नाची वरात जात असली तरी माझ्या कानात "पाणी द्या" एवढेच उरते.

सकाळपर्यंत तिचे कपाळ सुजले. भुवयांच्या वर पाण्याचे बारीक फोड आले होते, आणि गालांवर जिथे जिथे स्पंज टेकला होता तिथे तिथे पुळ्या. धाराशिवला नेले तेव्हा डॉक्टर बाईंनी तिचा चेहरा दिव्याखाली धरून नीट पाहिला. मग विचारले, "काय लावलं यावर?"

मी शेजारच्या खुर्चीत होतो. सिस्टर ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"मीच लावलं, मॅडम," पत्नी म्हणाली. "थोडा मेकअप. आणि कुंकू. माझंच चुकलं."

"सांगितलं होतं ना आपण?"

"व्हय. सांगितलं होतं."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले. तिरस्कार नव्हता त्यात, प्रश्नही नव्हता. एखादी वस्तू जिथे ठेवली होती तिथेच आहे ना, हे पाहावे तसे त्यांनी पाहिले, आणि ट्रे टेबलावर ठेवून त्या आत गेल्या.

परतताना मी पत्नीला विचारले, "तू असं का सांगितलंस?"

"मग काय, सिस्टरांचं नाव सांगू? त्यांनी फोनवर घाईत काहीतरी सांगितलं असंल. मॅडमनी कामावरून काढलं असतं त्यांना. कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा?" मग म्हणाली, "बघितलं न्हाय का, कशा गप उभ्या होत्या बिचाऱ्या."

फोड भरले, पण त्या प्रत्येक जागी तपकिरी डाग उमटला. सावळ्या कातडीवर असे होते, उतरायला वर्ष-दीड वर्ष लागेल, उन्हापासून जपायचे, असे डॉक्टर बाईंनी सांगितले. त्यानंतर दोन उन्हाळे पत्नी गच्चीवर वाळवण घालायला गेली नाही. शेजारणी कुरडया घालताना मोठ्याने हसत, आणि ती खाली खोलीत बसून ते ऐके. दर तीन तासांनी उन्हाचे मलम लावायचे, रात्री डागांचे. ते ती औषधासारखे नव्हे, प्रायश्चित्तासारखे करी. वहिनी भेटायला आल्या तेव्हा डाग बघून म्हणाल्या, "खूण ठेवली गं देवीनं." पत्नीने मान डोलावली. त्या गेल्यावर ती मला म्हणाली, "देवीसमोर खोटं तोंड घेऊन गेले मी. हौस नडली. या वयात काय गरज होती?"

मी तांब्यातले पाणी पीत होतो. पीतच राहिलो.

खिडकीपाशी धरलेला तो आरसा पुन्हा भिंतीवर गेला नाही. तिने तो कपाटाच्या मागे ठेवून दिला. भिंतीवर जिथे तो होता तिथे रंगाचा एक उजळ चौकोन राहिला. कुंकू ती आरशाशिवाय, बोटाने चाचपून लावू लागली. रोज सकाळी ते मध्यापासून थोडे डावीकडे सरकलेले असे. रोज मला ते दिसे. "जरा उजवीकडं घे," एवढेच म्हणायचे होते. पण आरशाचा विषय निघाला असता, म्हणून तेही मी दोन वर्षे बोललो नाही. बायकोचे सरकलेले कुंकू पाहत मी चहा पीत असे.

सांगण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. एकदा सगळे मनात जुळवून स्वयंपाकघरात गेलो. "अगं, ते..." म्हणालो. तिने वळून पाहिले. कपाळावरचा सर्वांत मोठा डाग चुलीच्या उजेडात ताज्या जखमेसारखा वाटला. "काय?" "चहा कर थोडा." दवाखान्याचा तो छापील कागद मी शब्दकोशात ठेवून दिला होता. शब्द पाहायला कोश उघडला की तो कुठल्या तरी पानावर भेटे. फाडून टाकण्याचे धैर्य झाले नाही, आणि तिला दाखवण्याचेही. शाळेत हौदावर मुली पाठवणे मी बंद केले; का ते कुणी विचारले नाही.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा धाराशिवला गेलो. डाग जवळजवळ गेले होते. डॉक्टर बाईंनी दिव्याखाली चेहरा पाहिला आणि पहिल्यांदाच हसल्या. मग म्हणाल्या, "खड्डे मात्र तसेच आहेत. पुन्हा एकदा सुया कराव्यात असं मला वाटतं, अगदी हलक्या. पण एक सांगा. मागच्या वेळी जे झालं ते मेकअप आणि कुंकवानंच झालं, की त्याआधीच आग सुरू होती? तुमची कातडीच सुया सहन करत नसेल तर मी हात लावणार नाही."

"नको मॅडम," पत्नी म्हणाली. "मला नकोच आता. कातडीचं न्हाय ते. ते निराळं आहे."

"निराळं म्हणजे?"

ती गोंधळली. तिला देवीचे डॉक्टरांना सांगायचे नव्हते. तिने इकडेतिकडे पाहिले. सिस्टर खिडकीपाशी कापसाचे बोळे करीत बसल्या होत्या.

"तुम्ही समजदार आहात, ताई," डॉक्टर बाई म्हणाल्या. "मी त्या वेळीही विचार करत होते. कागदावर लिहून दिलं, तोंडी सांगितलं, आणि तुम्ही तिसऱ्याच दिवशी लावलंत? तुम्ही तसं करणाऱ्या वाटत नाही."

पत्नी हसली. खूप दिवसांचे मनात ठेवलेले, आता कुणाला लागणार नाही अशा खात्रीने बोलावे तशी म्हणाली, "आता दोन वर्षं झाली, सांगायला हरकत न्हाय. पण रागावायचं न्हाय बरं का मॅडम. यांनी फोन लावला होता विचारायला. सिस्टरच म्हणल्या, हलकं लावलं तर चालतं म्हणून. घाईत असतील. मी कधी मनात धरलं न्हाय."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवले. "सिस्टर?"

सिस्टरांचे हात थांबले. "मी असं कधीच..." एवढे बोलून त्या थांबल्या.

"फोनवर मनानं काही सांगायचं नाही, हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. एका बाईचा चेहरा आहे तो. आणि दोन वर्षं तुम्ही मला बोलला नाहीत? अशा माणसावर मी दवाखाना कसा सोपवू?"

"मॅडम, अहो नको," पत्नी घाबरून पुढे सरकली. "त्यांना काही बोलू नका. म्हणूनच मी सांगत नव्हते. सिस्टर, माफ करा हो मला, माझ्या तोंडून गेलं."

माझी पत्नी सिस्टरांची माफी मागत होती.

सिस्टरांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. दोन वर्षांपूर्वी पाहिले होते तसेच. त्यांनी फोनवर दिलेला नकार माझ्यापाशीच अडकला, हे त्यांना त्याच वेळी दिसले होते.  त्या काही बोलणार नव्हत्या. पेशंटच्या नवऱ्याला, शाळेच्या मास्तरला, खोटे कसे पाडावे? त्यांनी मान पुन्हा खाली घातली, आणि मांडीवरचा कापसाचा बोळा उचलून उगीच पुन्हा वळू लागल्या.

मी उभा राहिलो. खुर्ची फरशीवर ओरखडत मागे गेली, आणि तिघींनी माझ्याकडे पाहिले. मनात जुळवून ठेवलेल्या वाक्यांपैकी एकही मला सापडले नाही.

"सिस्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं," मी म्हणालो. "दोन-दोनदा सांगितलं होतं. कुंकू तर बिलकुल नको म्हणाल्या होत्या. चालतं, हे मी घरात येऊन माझ्या मनानं सांगितलं."

पत्नी माझ्याकडे पाहत होती. तिला अजून कळले नव्हते, किंवा कळले तरी पटत नव्हते.

"का?" तिने विचारले.

"लाल तोंडानं तुला घेऊन जायची मला लाज वाटत होती."

 तिचा हात आपोआप कपाळावर गेला, जिथे तो सर्वांत मोठा डाग होता. बोटांना तो आता सापडत नव्हता, तरी ती त्या जागी बोट फिरवीत राहिली.

मी आधी सिस्टरांकडे वळलो आणि हात जोडले. दोन वर्षांपूर्वी गोंधळात जोडले होते तेच हात.

"सिस्टर, तुमच्या नावावर मी खोटं बोललो. मला माफ करा."

मग तिच्याकडे वळलो. कुंकू आजही डावीकडे सरकलेले होते.

"तुझी हौस चुकली नव्हती," मी म्हणालो. "देवी तुझ्यावर कोपली नव्हती. तू पाणी मागत होतीस ते मला कळत होतं, आणि मी हात जोडून उभा राहिलो. माझं चुकलं. मला माफ कर."